ब्लॉक जोडून प्रोग्रॅमिंग : किती शिकवते, कुठे थांबते

व्याख्या आणि व्याप्ती

ज्या भाषेत प्रोग्रॅम अक्षरे टंकून लिहिला जात नाही, तर पडद्यावर आकार मांडून आणि एकमेकांना जोडून तयार होतो, तिला दृश्य प्रोग्रॅमिंग भाषा म्हणतात. यात मांडणीलाच अर्थ असतो. एक आकार दुसऱ्याच्या खाली आहे की आत आहे, यावरून संगणक काय करणार हे ठरते. केवळ चित्रमय असणे त्यासाठी पुरेसे नाही. खिडक्या आणि बटणे माऊसने मांडण्याची सोय अनेक साधनांत असते. पण बटण दाबल्यावर काय घडावे हे शेवटी मजकुरातच लिहावे लागते. अशी साधने या वर्गात मोडत नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय याहून मर्यादित आहे : नवशिक्या विद्यार्थ्याला, विशेषतः शालेय वयात, प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी या भाषांचा कितपत उपयोग होतो, आणि तो कोणत्या टप्प्यापर्यंत टिकतो.

तारांचे कूळ आणि ब्लॉकचे कूळ

या भाषांची दोन मोठी कुळे आहेत. पहिल्या कुळात माहितीचा प्रवाह दाखवला जातो. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८६ मध्ये आणलेले लॅबव्ह्यू हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात प्रत्येक क्रिया ही एक चौकट असते, चौकटी तारांनी जोडलेल्या असतात, आणि लागणारी सर्व माहिती येऊन पोचली की ती चौकट आपले काम करते. प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणे जोडणाऱ्या अभियंत्याला ही रीत नैसर्गिक वाटते, कारण त्याच्या कागदावरची आकृतीही तशीच असते.

दुसऱ्या कुळात आज्ञा ब्लॉकच्या रूपात असतात आणि ते एकाखाली एक जोडले जातात. स्क्रॅच, स्नॅप, ॲप इन्व्हेंटर, तसेच गूगलच्या ब्लॉकली या संचावर उभारलेली अनेक साधने याच कुळातली. आतून पाहिले तर ही नेहमीचीच क्रमवार भाषा असते. आधी हे, मग ते, अमुक वेळा पुन्हा. बदललेली असते ती प्रोग्रॅम घडवण्याची रीत. शाळांत याच कुळाने बाजी मारली. लेगोच्या माइंडस्टॉर्म्स एनएक्सटी या यंत्रमानव संचाचे सॉफ्टवेअर लॅबव्ह्यूवर बेतलेले होते. पुढच्या स्पाइक प्राइम संचासाठी मात्र कंपनीने स्क्रॅचवर आधारित ब्लॉक निवडले. पुढील विवेचन मुख्यतः ब्लॉक-भाषांविषयी आहे.

लोगोपासून स्क्रॅचपर्यंत

मुलांसाठी प्रोग्रॅमिंग भाषा हा विचार लोगोपासून सुरू होतो. वॉली फॉयर्त्साइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे ती घडवली. पॅपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्यासोबत काम केले होते; मूल स्वतः काही घडवताना ज्ञानाची बांधणी करते, हा विचार त्यांनी संगणकापर्यंत आणला. पडद्यावरच्या कासवाला ‘इतकी पावले पुढे जा, इतके अंश वळ’ असे सांगून भूमिती शोधायची, ही लोगोची कल्पना. साधनाचा उंबरठा कमी उंचीचा आणि छत उंच असावे, ही पॅपर्ट यांची अपेक्षा पुढच्या सर्व साधनांची कसोटी ठरली.

लोगो मात्र टंकून लिहावी लागे. आठ वर्षांच्या मुलाला कासवाचे वळणे समजे, पण एक अक्षर चुकले की काम अडे. या अडचणीवर एमआयटीत १९९० च्या दशकात लोगो-ब्लॉक्स हा प्रयोग झाला. पुढे पॅपर्ट यांचेच विद्यार्थी मिचेल रेझनिक यांच्या गटाने एमआयटी मीडिया लॅबमध्ये स्क्रॅच विकसित करून २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. उंबरठा आणि छत यांच्या जोडीला रेझनिक यांनी ‘रुंद भिंतीं’ची भर घातली : एकाच साधनातून कोणी गोष्ट रचावी, कोणी खेळ, कोणी संगीत. सुमारे ८ ते १६ वर्षांचा वयोगट हे स्क्रॅचचे लक्ष्य. त्याहून लहान, साधारण ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये स्क्रॅच ज्युनियर आले. त्यात वाचताही येण्याची गरज नाही.

ब्लॉक कोणता अडथळा दूर करतो

मजकुराच्या भाषेत नवशिक्याला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. काय घडवायचे याचा विचार करायचा, आणि तो विचार भाषेच्या व्याकरणात अचूक बसवायचा. जावाच्या पारंपरिक रूपात पडद्यावर एक शब्द उमटवायचा, तरी त्याआधी क्लास आणि मेन मेथड लिहावी लागते, कंसांच्या जोड्या जुळवाव्या लागतात, ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. यांतले काहीही पहिल्या दिवशी समजण्यासारखे नसते, आणि एकही गोष्ट राहून गेलेली चालत नाही. चूक झाल्यावर येणारा संदेशही बहुधा भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो.

ब्लॉकच्या भाषेत अशी चूक घडूच शकत नाही. प्रत्येक ब्लॉकच्या आकारात व्याकरण कोरलेले असते. स्क्रॅचमध्ये सुरुवातीच्या ब्लॉकला वरून घुमट असतो, म्हणून त्याच्या डोक्यावर काही जोडता येत नाही. पुनरावृत्तीचा ब्लॉक कंसासारखा उघडा असतो आणि त्याच्या पोटात बसलेल्या आज्ञाच पुन्हा पुन्हा चालतात. कुठवर चालतात हे डोळ्यांना दिसते, कंस मोजावे लागत नाहीत. होय किंवा नाही असे उत्तर देणारा ब्लॉक षट्कोनी असतो, संख्या किंवा शब्द देणारा गोलाकार. ‘जर’च्या ब्लॉकमध्ये खाच षट्कोनी असल्यामुळे तिथे नुसती संख्या बसतच नाही. माहितीच्या प्रकारांचा जो धडा इतर भाषांत चुका करून शिकावा लागतो, तो येथे बोटांना आपोआप कळतो.

दुसरा लाभ स्मरणाचा आहे. रिकाम्या पडद्यासमोर बसलेल्याला भाषेतील आज्ञा आठवाव्या लागतात; ब्लॉकच्या साधनात त्या बाजूला रंगानुसार लावलेल्या असतात आणि नुसत्या ओळखाव्या लागतात. हालचालीचे ब्लॉक निळे, नियंत्रणाचे नारिंगी, गणिती क्रियांचे हिरवे. विद्यार्थी कप्पे चाळता चाळता ‘असेही करता येते तर!’ हे शोधतो. डेव्हिड वेन्ट्रॉप आणि युरी विलेन्स्की यांनी २०१५ मध्ये माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना ब्लॉक सोपे का वाटतात हे विचारले, तेव्हा वाचायला सोपे, आकारांची मदत, ओढून जोडण्याची सोय आणि आज्ञा आठवाव्या न लागणे, अशीच कारणे पुढे आली. त्याच विद्यार्थ्यांनी उणिवाही सांगितल्या : मोठा प्रोग्रॅम करायला वेळ लागतो, आणि हे ‘खरे’ प्रोग्रॅमिंग वाटत नाही. ही दुसरी तक्रार पुढे पुन्हा येईल.

शब्दांची निवडही महत्त्वाची असते. अँड्रियास स्टेफिक आणि सुझाना सीबर्ट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवशिक्यांना वेगवेगळ्या भाषा वापरायला दिल्या. पर्ल आणि जावा यांची प्रचलित चिन्हव्यवस्था वापरणाऱ्यांची अचूकता, चिन्हे मुद्दाम यदृच्छेने निवडून बनवलेल्या भाषेपेक्षा फारशी चांगली निघाली नाही. पायथन, रूबी आणि क्वोरम यांत ती चांगली होती. म्हणजे सगळ्याच मजकूर-भाषा नवशिक्याला सारख्या अवघड नसतात, आणि ब्लॉकचे काही श्रेय आकाराचे नसून त्यावरच्या साध्या शब्दांचे आहे. ‘ब्लॉक विरुद्ध मजकूर’ अशी तुलना करताना हा भेद बऱ्याचदा निसटतो.

जो अडथळा तसाच राहतो

व्याकरण गेले, तरी संगणक आज्ञा कशा पाळतो हे समजून घ्यावेच लागते. बेनेडिक्ट डू बूले यांनी याला एक कल्पित यंत्र म्हटले. विद्यार्थ्याच्या मनात उभे राहणारे हे यंत्र प्रत्यक्षाशी जुळले नाही, तर प्रोग्रॅम निर्दोष दिसतो, चालतो, आणि भलतेच काही करतो.

स्क्रॅचच्या वर्गात हमखास दिसणारे एक उदाहरण घ्यावे. मांजराने काठाला स्पर्श केला की आवाज करावा, असे हवे आहे. विद्यार्थी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली ‘जर काठाला स्पर्श, तर आवाज’ असा ब्लॉक जोडतो. झेंडा दाबतो. मांजर काठापर्यंत नेतो. काहीच होत नाही. कारण ती अट झेंडा दाबल्याच्या क्षणी एकदाच तपासली गेली. तेव्हा मांजर मध्यभागी होते. अट पुन्हा पुन्हा तपासायची तर ती ‘सतत’ या ब्लॉकच्या पोटात हवी. विद्यार्थ्याचा गोंधळ अगदी समजण्याजोगा आहे. ‘पाऊस आला तर कपडे आत घे’ ही घरातली सूचना दिवसभर लागू असते. ऐकणारा माणूस आभाळाकडे लक्ष ठेवतो. संगणक ठेवत नाही.

रॉय पी यांनी हाच गैरसमज १९८६ मध्ये, स्क्रॅचच्या कितीतरी आधी, मजकुराच्या भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत नोंदवला होता. यंत्राच्या आत कुठेतरी समजून घेणारे मन आहे, ही नवशिक्याची मूळ समजूत त्यांनी अशा चुकांमागे पाहिली. ती भाषेच्या रूपावर अवलंबून नाही. उलट स्क्रॅचमध्ये अनेक स्क्रिप्ट (जोडलेल्या ब्लॉकच्या स्वतंत्र साखळ्या) खरोखरच एकाच वेळी चालू असतात आणि ‘अमुक घडेल तेव्हा’ असे घटनेची वाट पाहणारे ब्लॉकही असतात. त्यामुळे ‘जर’ आणि ‘जेव्हा’ यांतला फरक शिक्षकाने स्पष्ट केला नाही तर गैरसमज अधिक घट्ट होण्याचाच संभव.

व्हेरिएबलचेही, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागेचेही, तसेच. दोन व्हेरिएबलांतील किमतींची अदलाबदल करताना ‘पहिल्यात दुसऱ्याची किंमत ठेव, दुसऱ्यात पहिल्याची ठेव’ असे दोन ब्लॉक जोडले, की दोन्हींत एकच किंमत उरते. पहिली नाहीशी झालेली असते. तिसरी जागा का लागते, हे ब्लॉकचा रंग किंवा आकार सांगू शकत नाही. शुची ग्रोव्हर आणि शताब्दी बसू यांच्या २०१७ मधील अभ्यासात ब्लॉकच्या वातावरणात शिकलेल्या माध्यमिक विद्यार्थ्यांना लूप (पुनरावृत्ती), व्हेरिएबल आणि तार्किक अटी या तिन्ही ठिकाणी अडचणी आल्याचे दिसले.

चूक दाखवणारा संदेश न येणे हा ब्लॉक-भाषांचा मोठा दिलासा. पण संदेश आला नाही म्हणजे चूक झाली नाही, असे मूल मानू लागले तर हाच दिलासा शिकण्याच्या आड येतो.

वर्गातील पुरावा

या विषयावर उत्साहाने पुष्कळ लिहिले गेले आहे. काळजीपूर्वक केलेली तुलना त्या मानाने थोडी. कॉलीन लुइस यांनी २०१० मध्ये सहावीत जाणाऱ्या मुलांच्या दोन गटांची तुलना प्रसिद्ध केली. एक गट लोगो शिकला, दुसरा स्क्रॅच. अटींचे वाक्य वाचून अर्थ लावण्यात स्क्रॅचचा गट पुढे होता. लूपच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. आणि प्रोग्रॅम लिहिण्याच्या स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास लोगोच्या गटात अधिक होता. हा शेवटचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. ब्लॉकमुळे आत्मविश्वास वाढतो हे जवळजवळ गृहीत धरले जाते. येथे टंकून लिहिलेले काम अधिक ‘आपले’ वाटले असावे.

थॉमस प्राइस आणि टिफनी बार्न्स यांनी २०१५ मध्ये एकच काम दोन रूपांत देऊन पाहिले. ब्लॉक वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा कामाबाहेर वाया जाणारा वेळ कमी होता आणि त्यांनी कमी वेळात अधिक टप्पे पूर्ण केले. प्रोग्रॅमिंगबद्दलची वृत्ती मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली.

सर्वांत नेटका अभ्यास वेन्ट्रॉप आणि विलेन्स्की यांचा, २०१७ चा. अमेरिकेतील एका माध्यमिक शाळेत, एकाच शिक्षकाच्या हाताखाली, दोन वर्ग पाच आठवडे तोच अभ्यासक्रम शिकले. एक वर्ग ब्लॉकमधून, दुसरा मजकुरातून. दोन्ही वर्गांची प्रगती झाली. ब्लॉकच्या वर्गाची प्रगती अधिक होती आणि पुढे संगणकशास्त्र शिकण्याची इच्छाही त्यांच्यात अधिक दिसली. मजकुराच्या वर्गाला मात्र आपण व्यावसायिक प्रोग्रॅमरसारखे काम करतो आहोत असे अधिक वाटले.

त्यानंतर दोन्ही वर्ग जावाकडे वळले. दहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा फरक नाहीसा झाला होता. ब्लॉकमधून आलेले पुढे राहिले नव्हते, आणि मागेही पडले नव्हते. या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला जातो. ‘ब्लॉकचा उपयोग तात्पुरता’ असे कोणी म्हणतो, ‘ब्लॉकने नुकसान होत नाही’ असे दुसरा. मोलाची गोष्ट याहून वेगळी आहे. पहिल्या पाच आठवड्यांतच अनेक विद्यार्थी हा विषय आपला नाही असे ठरवून मोकळे होतात; त्या काळात अधिक समज आणि अधिक इच्छा मिळत असेल, तर नंतर बरोबरी झाली तरी तो लाभ लाभच ठरतो. मात्र जावात उतरताना ब्लॉकमधील ज्ञान आपोआप पुढे वाहत आले नाही, हेही तितकेच खरे.

इस्रायलमधील मिकाल आर्मोनी, ऑर्नी मीरबाम-सालांट आणि मोर्देखाय बेन-आरी यांचा २०१५ चा अभ्यास दीर्घ पल्ल्याचा आहे. आधी स्क्रॅच शिकलेले विद्यार्थी पुढच्या वर्गात जावा किंवा सी-शार्प शिकू लागले, तेव्हा त्यांना नवे विषय समजावायला कमी वेळ लागला आणि अडचणी कमी आल्या. अंतिम गुणांत सरसकट मोठा फरक पडला नाही. पुनरावृत्तीची समज तेवढी अधिक खोल दिसली.

ब्लॉकमुळे लागणाऱ्या सवयी

याच इस्रायली गटाने २०११ मध्ये स्क्रॅच वापरणाऱ्यांच्या दोन सवयी दाखवून दिल्या होत्या. एक, आधी आराखडा न करता हाताला लागतील ते ब्लॉक जोडत जाणे. दोन, एका सलग कामाचे नको इतके बारीक तुकडे करून ते अनेक स्क्रिप्टमध्ये विखुरणे. पहिल्या सवयीत शोधाचा आनंद आहे आणि प्रारंभी तिला मोकळीक असावी. पण तिच्यावरच प्रोग्रॅमिंग थांबले तर विद्यार्थ्याला स्वतःच्या कामाचा अर्थ लावता येत नाही.

फेलियन हर्मन्स आणि एफ्थिमिया आयव्हालोग्लू यांनी २०१६ मध्ये स्क्रॅचच्या संकेतस्थळावरील सुमारे अडीच लाख प्रकल्पांचे परीक्षण केले. कधीच न चालणारे सुटे ब्लॉक आणि तेच ते पुन्हा चिकटवलेले तुकडे त्यांत पुष्कळ होते, आणि स्वतःचा नवा ब्लॉक तयार करण्याची सोय फार थोड्यांनी वापरली होती. त्याच दोघींच्या दुसऱ्या प्रयोगात पुनरुक्तीने भरलेला किंवा एकच लांबलचक स्क्रिप्ट असलेला प्रोग्रॅम वाचणे आणि बदलणे मुलांना जड गेले. म्हणजे नीटनेटकेपणा ही केवळ मोठ्या प्रोग्रॅमरची हौस नाही. शाळकरी मुलाच्या आकलनावरही त्याचा परिणाम होतो. ब्लॉकची प्रत काढणे अतिशय सोपे असल्याने या सवयीला साधनाचाच हातभार लागतो, आणि ती मोडण्याचे काम शिक्षकाकडे येते.

गणित सुधारते का

स्क्रॅचचा रंगमंच ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असून मध्यबिंदू शून्य, शून्य असतो. डावीकडे गेले की ऋण संख्या येते. कोन, निर्देशांक, प्रमाण, यदृच्छा हे सारे तिथे हाताळावे लागते. त्यामुळे प्रोग्रॅमिंगने गणित सुधारेल ही आशा स्वाभाविक आहे, आणि ती पॅपर्ट यांच्यापासून चालत आली आहे.

इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने आखलेल्या ‘स्क्रॅचमॅथ्स’ या दोन वर्षांच्या कार्यक्रमाची शंभरहून अधिक शाळांत यादृच्छिक निवडीने चाचणी झाली. अहवाल २०१८ मध्ये आला. पहिल्या वर्षाअखेर संगणकीय विचारपद्धतीच्या कसोटीत या मुलांची प्रगती अधिक होती, आणि गरीब घरांतील मुलांत ती विशेष दिसली. दुसऱ्या वर्षाअखेर गणिताच्या राष्ट्रीय परीक्षेत मात्र काहीही फरक आढळला नाही.

हे नवे नाही. रॉय पी आणि मिडियन कुर्लंड यांनी १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोगो शिकलेल्या मुलांची नियोजनक्षमता तपासली, तेव्हाही अपेक्षित वाढ आढळली नव्हती. डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी १९८८ मध्ये त्याला एक महत्त्वाची जोड दिली : चूक शोधण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आणि उघडपणे शिकवली, तर मुले ती संगणकाबाहेरच्या कामांतही वापरतात. प्रोग्रॅमिंगमुळे बुद्धी आपोआप तल्लख होत नाही. जे मुद्दाम शिकवले जाते, तेच दुसरीकडे वापरले जाते.

मोठा प्रोग्रॅम, छोटा पडदा

दृश्य भाषांवरचा सर्वांत जुना आक्षेप आकारमानाचा आहे. पडद्यावर एकावेळी पन्नासाच्या आसपासच दृश्य घटक मावतात, असे पीटर डॉइच यांनी म्हटले होते. ही मर्यादा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सॉफ्टवेअरला मुळात भौमितिक रूप नसते, एकच आकृती त्याचे सर्व पैलू दाखवू शकत नाही, असे फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये लिहिले. थॉमस ग्रीन आणि मेरियन पेट्र यांनी लॅबव्ह्यूतील आकृत्या आणि मजकूर यांच्या आकलनाची तुलना केली. मजकूर अधिक लवकर समजला. आकृती वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि कोणत्या मांडणीला अर्थ आहे, कोणती केवळ योगायोगाची, हे नवख्याला ओळखता येत नाही, असे पेट्र यांनी पुढे दाखवून दिले.

ब्लॉकच्या कुळाला हा आक्षेप अंशतःच लागू पडतो, कारण तारांचे जाळे तिथे नसते. पण बदल करणे जड जाते. मधला एक ब्लॉक काढायचा तर खालची सगळी साखळी उचलावी लागते. लांब गणिती सूत्र गोलाकार ब्लॉक एकात एक बसवून लिहिण्यापेक्षा टंकणे कितीतरी सोपे. शिवाय स्क्रॅचच्या मूळ रचनेत काही मर्यादा जाणीवपूर्वक ठेवलेल्या आहेत : स्वतः बनवलेला ब्लॉक उत्तर परत देऊ शकत नाही, आणि यादीच्या आत यादी ठेवता येत नाही. या मर्यादा ब्लॉकपणाच्या नव्हेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत ब्रायन हार्वी आणि येन्स म्योनिग यांनी घडवलेल्या स्नॅपमध्ये हे सर्व आहे, आणि तेथील महाविद्यालयीन प्रास्ताविक अभ्यासक्रम त्यावर शिकवला जातो. छत ठेंगणे आहे ते एका साधनाचे.

मजकुराकडे नेणारे पूल

संक्रमण सुकर करण्याच्या तीन रीती रूढ झाल्या आहेत. पेन्सिल कोड किंवा मायक्रोसॉफ्टचे मेककोड यांत एकच प्रोग्रॅम ब्लॉक म्हणूनही दिसतो आणि मजकूर म्हणूनही. बटण दाबून इकडून तिकडे जाता येते. दुसऱ्या रीतीत ब्लॉक हे चौकटीपुरते उरतात आणि आतला भाग टंकावा लागतो. तिसरी रीत फेलियन हर्मन्स यांच्या हेडी या भाषेची, २०२० पासूनची : प्रारंभापासून मजकूरच, पण पहिल्या पातळीवर व्याकरण जवळजवळ शून्य, आणि एकेका पातळीवर थोडे थोडे वाढत शेवटी पायथन.

यांतली तिसरी रीत अधिक विचारपूर्वक घडवलेली वाटते. दुहेरी दर्शनात विद्यार्थी अडला की ब्लॉककडे परततो, आणि व्याकरणाशी त्याची गाठ पुढे पुढे ढकलली जाऊ शकते. हेडीत ती गाठ टळत नाही, फक्त हप्त्यांनी पडते. ‘हे खरे प्रोग्रॅमिंग नाही’ ही मोठ्या मुलांची तक्रारही तिथे उरत नाही.

वाचलेला वेळ कशासाठी

ब्लॉकने वाचवलेला वेळ कुठे खर्च होतो, यावर परिणाम ठरतो. तो पोशाख आणि पार्श्वभूमी बदलण्यात गेला तर शिकणे थोडेच होते. इंग्लंडमध्ये सू सेंटन्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘प्रिम’ पद्धतीत धडा प्रोग्रॅम लिहिण्यापासून सुरू होत नाही. तयार प्रोग्रॅम वाचून तो काय करील याचे भाकीत करायचे, मग चालवून पाहायचा, मग प्रत्येक भागाची तपासणी, मग त्यात बदल, आणि सर्वांत शेवटी स्वतःची निर्मिती. मांजराच्या ‘जर’चा गोंधळ भाकिताच्या टप्प्यावरच उघडा पडतो, कारण विद्यार्थ्याने मनातले यंत्र आधीच कागदावर उतरवलेले असते. त्यांच्या २०१९ मधील अभ्यासात या पद्धतीने शिकलेल्यांचे गुण तुलनेच्या वर्गापेक्षा चांगले आले.

पार्सन्स कोडी हा आणखी एक जवळचा उपाय : बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या आणि क्रम लावायला सांगायचा. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये तो मांडला. अशी कोडी सोडवणाऱ्यांना कोड लिहून शिकणाऱ्यांपेक्षा कमी वेळ लागतो आणि शिकणे तेवढेच होते, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. ब्लॉक जोडणे आणि ओळींचा क्रम लावणे यांचे बळ एकाच गोष्टीत आहे : टंकण्याचे ओझे काढून क्रमावर लक्ष केंद्रित करणे.

मातृभाषेचा प्रश्न

पायथन असो वा जावा, आज्ञांचे शब्द रोमन लिपीत आणि इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यावर त्यामुळे तिसरे ओझे येते : विचार, व्याकरण, आणि वर परकी भाषा. ब्लॉक-भाषांत हे ओझे तांत्रिकदृष्ट्या सहज उतरवता येते. संगणकाच्या लेखी ब्लॉकची ओळख त्यावर छापलेल्या शब्दांपासून स्वतंत्र असते. त्यामुळे एका भाषेत जोडलेला प्रकल्प दुसऱ्या भाषेत उघडला की सर्व ब्लॉकवरचे शब्द बदललेले दिसतात आणि काम तेच राहते. व्हेरिएबलला ‘गुण’ किंवा ‘वेग’ असे देवनागरी नाव देण्यासही अडचण नाही.

सायमिंदु दासगुप्ता आणि बेंजामिन मॅको हिल यांनी २०१७ मध्ये, इंग्रजी ही प्रमुख भाषा नसलेल्या देशांतील स्क्रॅच-वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या. स्वभाषेतील ब्लॉक वापरणारी मुले नव्या संकल्पना अधिक वेगाने वापरू लागली, असा निष्कर्ष निघाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा समावेश आहे, आणि ही मुले ज्या भाषेत गणित आणि विज्ञान शिकतात त्याच भाषेत हा विषय देणे ब्लॉकमुळे शक्य होते. स्क्रॅच इंटरनेटविना चालणाऱ्या रूपातही विनामूल्य मिळते. एका संगणकाभोवती अनेक मुले बसतात तिथे भाकिताचा टप्पा फळ्यावर करता येतो. त्यासाठी यंत्राची गरज नाही.

दृष्टिहीन विद्यार्थी

दृश्य भाषेचे बळ डोळ्यांवर अवलंबून असल्याने दृष्टिहीन विद्यार्थी सर्वप्रथम वगळला जातो. मजकुराची ओळ स्क्रीन रीडर वाचून दाखवू शकतो. रंग, आकार आणि माऊसने ओढणे यांना मात्र आवाजाचा सरळ पर्याय नाही. हाताची थरथर असणाऱ्यालाही ब्लॉक नेमक्या खाचेत सोडणे कठीण जाते. स्टेफिक यांची क्वोरम ही मजकूर-भाषा प्रारंभापासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विचार करून आखलेली आहे. पुढे तिच्यात ब्लॉकही आले, आणि ते कळफलकाने हाताळता येतील, स्क्रीन रीडरला वाचता येतील अशी त्यांची रचना आहे. एक ब्लॉक दुसऱ्याच्या आत आहे, वर आहे की शेजारी, हे तिथे बाणाच्या कळांनी फिरत ऐकता येते.